कॅमेरा जमिनीला, पक्षी नजरेला

पक्षी टिपताना : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण झाडावरच्या पक्ष्यांसाठी प्रकाशाची दिशा कशी हेरायची ते पाहिलं. आज नजर जमिनीवर आणायची आहे. मुळशी तालुक्यात हिंडणाऱ्याला जमिनीवर चरणारे पक्षी पावलोपावली भेटतात. भात कापून झालेल्या खाचरांत धान तिरचिमण्या, चंडोल आणि मुनियांचे थवे असतात. धरणाच्या काठच्या ओल्या मातीत शेपटी हलवत धोबी पळतात. वाडीच्या कडेला चिरक आणि दयाळ दिसतात. ताम्हिणीच्या रानात नारंगी डोक्याचा कस्तूर पालापाचोळा उलथत असतो, तर पाचू कवडा पायवाटेवरून चालत जातो.

इतके जवळचे पक्षी असूनही त्यांची छायाचित्रं बहुतेक वेळा निराश करतात. पक्षी स्पष्ट आलेला असतो, रंग बरोबर असतात, पण तो मातीला चिकटल्यासारखा दिसतो. पाठ आणि डोक्याचा माथा दिसतो. डोळा, छाती आणि पाय हरवलेले असतात. मागे ढेकळं, धसकटं आणि वाळलेलं गवत पक्ष्याइतकंच ठळक उमटतं. महागडी लेन्स घेऊन हा दोष जात नाही, कारण त्याचं मूळ कॅमेऱ्याच्या उंचीत आहे.

उंचीचा हिशेब

समजा, धान तिरचिमणी तुमच्यापासून ६ मीटरवर आहे आणि तिचा डोळा जमिनीपासून १० सेंटिमीटर वर आहे. तुम्ही उभे आहात, कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे. लेन्सपासून तिच्या डोळ्यापर्यंत रेघ ओढली आणि तशीच पुढे नेली, तर ती पक्ष्याच्या मागे अवघ्या ४३ सेंटिमीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे डोळ्यामागची पार्श्वभूमी हातभरच लांब आहे.

आता बसा. कॅमेरा ७० सेंटिमीटरवर आला, की तीच रेघ पक्ष्यामागे १ मीटरवर टेकते. कॅमेरा २० सेंटिमीटरवर आणला, की ती ६ मीटर मागे जाते. आणि लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला, म्हणजे १० सेंटिमीटरवर ठेवली, तर सपाट जागेत रेघ जमिनीला टेकतच नाही. पार्श्वभूमी म्हणून दूरची टेकडी, झाडी किंवा आकाश येतं.

पार्श्वभूमी किती विरघळेल, हे ती पक्ष्यापासून किती मागे आहे यावर ठरतं. लेन्स, छिद्र आणि अंतर तेच ठेवून हिशेब केला, तर उभं राहून मिळणाऱ्या धूसरपणाच्या तुलनेत बसल्यावर तो दुप्पट होतो, २० सेंटिमीटरवर सुमारे साडेसात पट होतो, आणि अगदी डोळ्याच्या पातळीवर जवळजवळ १५ पट. एवढा फरक कुठलंही छिद्र उघडून पडत नाही. ४०० मिमी लेन्सला ६ मीटरवर एफ ५.६ ठेवलं, तर स्पष्टतेची खोली सेन्सरच्या आकारानुसार साधारण ५ ते ७ सेंटिमीटर मिळते. तिरचिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १५ सेंटिमीटरची असते. ती कडेनं उभी असेल तर सगळी स्पष्ट येईल. समोरून चालत येत असेल तर फोकस डोळ्यावरच धरा आणि शेपटी धूसर गेली तरी जाऊ द्या.

खाली येण्याचा दुसरा लाभ ओळखीच्या कामी येतो. वरून पाहिल्या तर तिरचिमण्यांच्या जाती एकमेकींसारख्याच भासतात. समोरून पाहिलं की भुवईची रेघ, छातीवरच्या रेघोट्या, ताठ उभं राहण्याची ढब आणि मागच्या बोटाची लांब नखी दिसते. पाठीवरची नक्षीही ओळखीला लागते, म्हणून पक्षी लांब असतानाच उभ्यानं एक नोंदीपुरतं छायाचित्र घेऊन ठेवावं आणि मग खाली बसावं.

बांध हाच आडोसा

पोटावर झोपणं हा सरळ मार्ग आहे, पण मुळशीत त्याहून सोपी सोय शेतकऱ्यानं पिढ्यान् पिढ्या करून ठेवली आहे. इथली भातखाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. खालच्या खाचरात बसलं, की वरच्या खाचराची जमीन अनेक ठिकाणी छातीच्या नाहीतर हनुवटीच्या पातळीला येते. पाणी अडवण्यासाठी घातलेल्या बांधाच्या माथ्यावर तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली, की न झोपता कॅमेरा वरच्या जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर येतो. अंग बांधाआड राहतं, हात स्थिर राहतात आणि तासभर बसलं तरी पाठ दुखत नाही.

यात एक बारकावा आहे. खाचर उताराच्या दिशेनं अरुंद आणि उताराला आडवं लांब असतं. सरळ वरच्या बाजूला लेन्स रोखली तर थोड्याच अंतरावर पुढचा बांध भिंतीसारखा उभा राहतो आणि खाली येऊन मिळवलेली खोली तिथेच संपते. म्हणून कोपऱ्यात बसा आणि खाचराच्या लांबीच्या दिशेनं तिरकं पाहा. पक्ष्यामागे वीस-पंचवीस मीटर मोकळी जमीन मिळाली, की धसकटांचा रंग तेवढा मऊ पिवळा उरतो.

कॅमेरा अगदी जमिनीला लावणंही इथे नेहमी फायद्याचं नसतं. कापलेल्या भाताची धसकटं चार बोटांपासून वीतभर उंच असतात. लेन्स त्यांच्याखाली गेली तर समोर नुसते देठ येतात. गुरांनी चरून मोकळं केलेलं खाचर शोधा, नाहीतर लेन्स धसकटाच्या टोकाच्या किंचित वर ठेवा. लेन्सच्या अगदी पुढ्यातल्या एक-दोन काड्या धूसर होऊन चौकटीच्या तळाशी हलका पडदा धरतात, तेवढ्या राहू द्याव्यात.

पक्ष्याच्या बाजूनं

जमिनीवर चरणारा पक्षी सतत दोन कामं करत असतो : दाणे-किडे टिपणं आणि शत्रूवर नजर ठेवणं. बहुतेक लहान पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्यांना आजूबाजूचं फार मोठं क्षेत्र एकाच वेळी दिसतं. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी माणसाची आकृती सरळ त्याच्याकडे येत मोठी होत गेली, की तो उडतो. तीच आकृती बांधाआड बसून स्थिर राहिली, तर थोड्या वेळानं तो पुन्हा चरू लागतो.

हे ज्ञान छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळापासूनचं आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचं अंड्यांसह छायाचित्र घेतलं आणि पुढे १९००च्या सुमारास बैलाचं कातडं ताणून एक पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटात कॅमेरा आणि माणूस लपत असे. पक्ष्याला बैलाचं भय नाही, दोन पायांवर उभ्या माणसाचं आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. आपल्याकडे हे रोज दिसतं : चरणाऱ्या गुरांच्या पायांशी गायबगळे निर्धास्त फिरतात, कारण गुरांच्या खुरांनी उठलेले किडे त्यांना आयते मिळतात.

म्हणून पक्ष्याच्या मागे जाऊ नका. तो कुठे चरतो ते आदल्या दिवशी लांबून पाहून ठेवा, उजाडताना तिथे जाऊन बसा आणि त्याला येऊ द्या. तिरचिमणी थोडं पळते, थांबते, टिपते, पुन्हा पळते. असं करत एकच तुकडा ती अनेकदा धुंडाळते. आपण योग्य जागी असू, तर ती आपसूक टप्प्यात येते.

आपण फार जवळ गेलो का, हे ओळखायची एक भरवशाची खूण आहे. चरणं थांबलं, मान ताठ झाली, पिसं अंगाशी आवळली गेली, आवाज बदलला, की आपलं अस्तित्व त्याला जड होतंय असं समजा. तेव्हा कॅमेरा खाली ठेवा आणि हलू नका. चरणं पुन्हा सुरू झालं तरच पुढचं छायाचित्र घ्या. चांगलं छायाचित्र आणि पोटभर चरलेला पक्षी या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी व्हायला हव्यात. हिवाळ्यात दुरून आलेल्या धोब्यासाठी ती सकाळ परतीच्या प्रवासाची शिदोरी असते.

सकाळची हवा, रानातली सावली

खालून टिपण्याला एक मर्यादा आहे, ती तापलेल्या हवेची. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते. उभ्या माणसाची नजर त्या थरातून थोडीच जाते. जमिनीशी टेकलेली लेन्स मात्र सगळे ६ मीटर त्यातूनच पाहते. मग फोकस बरोबर असूनही पिसं पुसट येतात. उघड्या खाचरात सूर्य डोंगराच्या कडेवरून वर आल्यापासून पुढचा दीड-दोन तासांचा वेळ खरा कामाचा. धरणाच्या काठी ओली माती असल्यानं तिथे थोडा अधिक वेळ मिळतो. धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातं. उन्हाळ्याकडे ते उतरत गेलं की काठाची माती उघडी पडते आणि धोबी, टिटव्या तिथे जमतात.

फेब्रुवारीपासून शेतकरी भातरोपांच्या वाफ्यांवर राब भाजतात. काळ्या पडलेल्या त्या वाफ्यांवर धोबी उतरला, तर कॅमेरा फसतो : काळी जमीन पाहून तो चौकट उजळवतो आणि पक्ष्याचं पांढरं पोट जळून जातं. तिथे उघडीप साधारण एक स्टॉप कमी ठेवावी.

ताम्हिणीच्या रानात अडचण उलटी, उजेडच कमी. पण कस्तूर पानं उलथून क्षणभर निश्चल उभा राहतो. तेवढ्यात १/१६० सेकंदही पुरतो. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा नवरंगही असाच उड्या मारत थांबतो. रानात लेन्स खाली आणली, की मागची झाडं उभ्या गडद पट्ट्यांसारखी येतात आणि पक्ष्याचे रंग उठून दिसतात. मात्र ताम्हिणी हे २०१३ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीनं आणि ठरलेल्या वाटांनीच जावं.

झोपण्याआधी जमीन तपासा

टिटवी, चंडोल, धान तिरचिमणी हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. टिटवीची अंडी, बहुधा चार, उघड्या मातीत असतात आणि खड्यांत मिसळून जातात. सरपटत जाणाऱ्या माणसाच्या कोपराखाली ती सहज येऊ शकतात. मार्चनंतर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की आल्या वाटेनं मागे फिरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. दाणे टाकून पक्षी बोलावणंही टाळावं. एका ठिकाणी रोज दाणे पडले, की मांजर, कुत्रा आणि शिक्रा यांनाही ती जागा कळते.

स्वतःचीही काळजी घ्या. कापणीनंतरच्या खाचरांत उंदरांमागे घोणस येते. बसण्याआधी काठीनं जागा हलवा, ताडपत्री झटकून अंथरा, पायात उंच बूट घाला, घरी गेल्यावर गोचिडी तपासा.

आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय खाचरात पाऊल टाकू नका. याच तालुक्यात १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. ज्या बांधावर आपण लेन्स टेकवतो, तो कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टानं उभा असतो. ओल्या बांधावर पाय दिला तर तो ढासळतो आणि पुढच्या लावणीत पाणी तिथूनच फुटतं. परवानगी मागितली की बहुधा माहितीही मिळते : कुठल्या खाचरात चंडोल उतरतात, हे रोज तिथे राबणाऱ्यापेक्षा अधिक कुणाला ठाऊक असणार?

या आठवड्याचा सराव

पक्ष्याआधी दगडावर हात बसवा. मोकळ्या मैदानात मुठीएवढा दगड ठेवा, ६ मीटर अंतर मोजा आणि लेन्स, छिद्र न बदलता चार छायाचित्रं घ्या : उभ्यानं, बसून, जमिनीपासून वीतभर उंचीवरून आणि कॅमेरा जमिनीला टेकवून. चारही शेजारी ठेवून पाहा. वर दिलेले आकडे डोळ्यांनी पटले, की खाचरात गेल्यावर बसायचं कुठे हे तुम्ही पक्षी येण्याआधीच ठरवाल, आणि जमिनीवरचा पक्षी टिपण्यातला सर्वांत मोठा निर्णय तोच आहे.

पुढील आठवड्यात : पाण्याच्या काठचे पक्षी, प्रतिबिंब आणि चकाकी.