कोबी बारीक चिरण्याची विद्या आणि शब्बाथची कोशिंबीर

आपल्या बेने इस्राएल घरांत शुक्रवारची दुपार स्वयंपाकघरात जाते. मांसाचे कालवण, नारळाच्या रसातील पदार्थ, माशाची तयारी यांविषयी पुष्कळ बोलले जाते. कोशिंबिरीचा विचार मात्र अगदी शेवटी होतो. वास्तविक ताटातील हाच पदार्थ सर्वस्वी हाताच्या कौशल्यावर अवलंबून असतो. त्याला शिजविणे नाही, मसाल्याचा आधार नाही. कोबी जाड चिरला तर ती कोशिंबीर गुरांच्या वैरणीसारखी लागते. बारीक चिरला तर तोच कोबी जिभेवर रेशमासारखा उतरतो.

इस्राएलमधील दुकानांत अंडे व तेल यांच्या घट्ट मिश्रणात कालविलेला कोबी प्लॅस्टिकच्या डब्यांतून मिळतो. त्यालाच इंग्रजीत कोलस्लॉ म्हणतात. हा शब्द मूळचा डच भाषेतला. त्याचा अर्थ कोबीचे सॅलड, एवढाच. म्हणजे आपली कोबीची पचडी आणि हा परदेशी पदार्थ ही सख्खी नसली तरी चुलत भावंडेच होत. डबा विकत आणण्यात गैर काही नाही. परंतु तयार डब्याबरोबर चिरण्याची विद्या घरात येत नाही. आणि जी विद्या आईच्या हातून मुलीच्या हाती गेली नाही, ती एका पिढीतच नाहीशी होते.

आता चिरण्याकडे वळू. कोकणात आपल्या आज्या विळीच्या पाटावर पाय रोवून बसत आणि दोन्ही हातांनी गड्डा धरीत. तेथे पाते स्थिर असते आणि भाजी हलते. सुरीचे तंत्र याच्या उलट आहे : भाजी स्थिर असते आणि पाते हलते. म्हणूनच विळीवर हात बसलेल्या वृद्ध स्त्रीला सुरी परकी वाटते, आणि इकडे जन्मलेल्या नातीला विळीची भीती वाटते. ओट्याशी उभे राहून काम करणाऱ्यांनी भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवावी, पेरांचा आधार पात्याला द्यावा आणि सुरी दाबण्याऐवजी पुढे सरकवीत कापावी. सुरीला धार असावी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती भाजीवरून घसरते आणि बोट कापते. घसरपाते असलेले चिरण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा हातरक्षक कधीही बाजूला ठेवू नये.

बारीक चिरण्याने नेमके काय घडते, हे एका साध्या गणिताने मुलांनाही समजावता येते. एक सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे एकंदर पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर भरते. त्याच्याच एकेक मिलिमीटर जाडीच्या १० चकत्या केल्या, तर सर्व चकत्यांचे मिळून पृष्ठफळ २४ चौरस सेंटीमीटर होते. भाजी तेवढीच, परंतु मीठ व लिंबू यांना शिरण्यास जागा चौपट झाली. कोबीच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. मीठ लागताच ते पाणी पेशींतून बाहेर ओढले जाते, कोबी नरम पडतो आणि त्याचा कच्चा उग्रपणा कमी होतो. तो उग्र वासही चिरण्यामुळेच जागा होतो. कारण अखंड पानात वेगवेगळी राहिलेली द्रव्ये पेशी फुटल्यावर एकत्र येतात. जांभळा कोबी चिरून त्यावर लिंबू पिळले, तर त्याचा रंग तांबडा होतो आणि खाण्याचा सोडा घातला तर निळसर होतो. नातवंडांना दाखविण्यासारखी ही बिनखर्चाची गंमत आहे.

परंतु आपल्या घरात सुरीच्या आधी डोळ्यांचे काम असते. वायिक्राच्या ११ व्या अध्यायात सरपटणारे क्षुद्र जीव खाण्याची मनाई आहे, आणि कोबीच्या पानांत मावा, फुलकिडे व अळ्या दडून बसतात. भाजी एकदा बारीक चिरली की तपासणी जवळजवळ अशक्य होते. म्हणून बाहेरची हिरवी पाने काढून टाकावी, बाकीची सुटी करावी, साबण मिसळलेल्या पाण्यात काही मिनिटे ठेवून प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. गुश कातिफ येथे कीडरहित पालेभाज्यांची लागवड नावारूपास आली; २००५ साली तेथील वस्त्या उठविण्यात आल्या, तरी त्या पद्धतीने पिकविलेल्या भाज्या आजही बाजारात मिळतात. त्या घेतल्या तरी पाकिटावरील सूचना वाचाव्यात.

अशी सुटी पाने गड्ड्यासारखी कापता येत नाहीत. त्यांची मधली जाड शीर काढावी, कोरड्या केलेल्या चार-पाच पानांची चवड रचून घट्ट गुंडाळी करावी आणि ती आडवी चिरावी. वडीसाठी अळूच्या पानांची गुंडाळी करणाऱ्या हातांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि तो अनेक घरांत उपस्थित होतो. शब्बाथच्या दिवशी कोशिंबीर चिरावी की चिरू नये? सून एका परंपरेतली, सासू दुसऱ्या परंपरेतली असली की जेवणाच्या मेजावरच वाद होतो. मिश्नात शब्बाथला निषिद्ध अशी ३९ कामे सांगितली आहेत. दळणे हे त्यांतील एक. तल्मूदमध्ये राव पापा यांचे मत दिले आहे की, बीटची भाजी बारीक चिरणारा दळण्याचाच दोषी होतो. शुल्हान आरुखमध्येही हाच नियम आहे. मात्र रमा यांनी त्यावर लिहिले आहे की, लगेच खाण्यासाठी चिरणे याला अपवाद आहे. मिश्ना ब्रुराचा सल्ला असा की, तेव्हाही तुकडे थोडे मोठेच ठेवावे. किसणी तर लगेच खाण्यासाठीही वापरू नये. भाजीच्या फोडींना एकत्र मीठ लावून ठेवणे हेही शब्बाथला वर्ज्य आहे, कारण ते लोणचे घालण्यासारखे दिसते. आपापल्या घरच्या रीतीविषयी शंका असल्यास आपल्या रब्बींना विचारावे.

कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत. ते घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. त्यांच्याजवळ छापील ग्रंथ नव्हते, तरी कोणते काम थांबवायचे हे त्यांना ठाऊक होते आणि त्यावरूनच शेजारी त्यांना ओळखत. त्यांच्या नातवंडांना शुक्रवारी अर्धा तास आधी सुरी हाती घेणे कठीण जाऊ नये.

कोबीच्या बाबतीत हा नियम पाळणे सोपेही आहे, कारण मुरलेला कोबी ताज्यापेक्षा अधिक चवदार लागतो. एक किलो कोबी आणि दोन गाजरे बारीक चिरून दोन लहान सपाट चमचे मीठ चोळावे. अर्ध्या तासाने सुटलेले पाणी पिळून टाकावे. त्यात दोन लिंबांचा रस, चमचाभर साखर, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर खवलेले ओले खोबरे घालावे. वरून मोहरी-हिंगाची तेलाची फोडणी द्यावी आणि थंड झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. मांसाच्या जेवणाबरोबर दही चालत नाही; खोबरे मात्र निर्धास्त चालते. आपल्या स्वयंपाकात नारळाला एवढा मान का मिळाला, हे यावरून ध्यानात येईल.

हे सर्व शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी आटोपावे. आणि शक्य असेल तर चिरताना शेजारी एखादी नात किंवा नातू उभा करावा. पहिल्या दोन-तीन शुक्रवारी त्यांच्या हातून काप जाड पडतील. ते तसेच वाडग्यात घालावे आणि कोणी त्यांना हसू नये. बोटे आत वळवून धरावयाची सवय लागली की बारीकपणा आपोआप येतो.