दुचाकीला घरच्या घरी पेटी बसवताय? माल 'उलाळ' होणार नाही याची आधी काळजी घ्या

गावात दुचाकी नुसती फिरायला नसते. दूध डेअरीवर न्यायचं, भाजी बाजारात पोचवायची, पाव-बिस्किटं वाडीवस्तीवर विकायची, जनावरांची औषधं आणायची, सगळं तिच्यावरच. आजही बहुतेक जण माल पोत्यात भरून जुन्या ट्यूबने आवळतात. पाऊस आला की माल भिजतो आणि ट्यूब सुटली की माल रस्त्यावर.

बाजारात तयार पेट्या मिळतात, पण चांगली मजबूत पेटी स्टँडसकट घ्यायची तर खिशाला परवडत नाही. मग आपण सुतार आणि वेल्डिंगवाल्याकडून करून घेतो. त्यात चूक काही नाही. नीट केली तर दोन-अडीच हजारांत काम होतं आणि पेटी काही वर्षं टिकते. चूक होते ती पेटी बसवताना.

माझीच गोष्ट सांगतो. पहिली पेटी मी कॅरिअरच्या पार मागच्या टोकाला, दोनच बोल्टवर बसवली होती. महिनाभर काही झालं नाही. एके दिवशी गतिरोधकावर गाडी आदळली, बोल्टभोवतीचं प्लाय फाटलं आणि पेटी मागे पडली. मागून येणाऱ्या दुचाकीवर नवरा-बायको आणि लहान पोर होतं. त्याने कशीबशी गाडी वळवली म्हणून वाचले. तेव्हापासून पेटी कशी बसवायची हे मी शिकून घेतलं, ते इथे सांगतोय.

आधी वजनाचा हिशोब

बैलगाडी भरताना जुनी माणसं काय बघतात? गाडी उलाळ होता कामा नये. माल मागे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. दुचाकीचंही अगदी तसंच आहे. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे जितकं वजन जाईल तितकं पुढचं चाक हलकं होतं. मग हँडल डगमगतं, वळणावर गाडी बाहेर जाते आणि पुढचा ब्रेक नीट धरत नाही.

आकड्यात बघा. साध्या 100 सीसी गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर असतं. 30 किलोचा माल मागच्या आसाच्या एक फूट मागे ठेवला, तर पुढच्या चाकावरचं जवळपास 7 किलो वजन कमी होतं. तोच माल दोन फूट मागे गेला तर 14 किलो. माल तेवढाच, पण गाडी वेगळीच चालते.

दुसरा हिशोब एकूण भाराचा. 100 ते 125 सीसीच्या बऱ्याच गाड्या चालवणाऱ्यासकट साधारण 130 ते 150 किलो भारासाठी बनवलेल्या असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो, तो बघा. समजा तो 130 आहे आणि तुम्ही 70 किलोचे आहात. उरले 60. मागे 50 किलोचा माणूस बसला की उरले 10, आणि रिकामी पेटी व स्टँड मिळूनच 10 किलो होतात. म्हणजे मालाला जागाच नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. हलका माल (आठ-दहा किलोपर्यंत) असेल तर पेटी मागच्या सीटच्या पाठीमागे चालेल. जड माल असेल तर पेटी मागच्या सीटच्या जागी घ्या आणि एकट्यानेच जा.

कायदा काय म्हणतो?

2020 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने दुचाकीवरच्या हलक्या पेटीबाबत मापं ठरवून दिली. लांबी 550 मिलिमीटर, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. इंचात सांगायचं तर साधारण साडेएकवीस, वीस आणि साडेएकोणीस. पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर फक्त चालवणाराच बसू शकतो. पेटी त्या सीटच्या मागे असेल तर दुसरा माणूस चालतो. पण एकूण वजन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेतच पाहिजे.

गाडीची चॅसी कापणं, लांबवणं असले प्रकार मात्र करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगीशिवाय मूळ गाडीत बदल करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम 182अ मध्ये प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. साडीगार्डही काढून टाकू नका, तो मागे बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी नियमानेच लागतो. दोन्ही बाजूंना पेट्या लावायच्या असतील तर तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो तेव्हा तिथे आधी विचारून घ्या.

पेटी कशाची करायची?

सगळ्यात स्वस्त म्हणजे 35 लिटरचा जाड चौकोनी प्लॅस्टिक कॅन. वरची बाजू कापून झाकण करता येतं. तळाशी आतून प्लायची फळी टाका, नाहीतर बोल्ट प्लॅस्टिक फाडून बाहेर येतो. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, म्हणून दर हंगामाला चिरा बघा. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा कॅन दूध-भाजीसाठी कितीही धुतला तरी वापरू नका. आणि पेट्रोल, डिझेल, थिनरचा रिकामा डबा ग्राइंडरने कापू नका, त्याला वेल्डिंगही करू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

जास्त टिकाऊ हवी असेल तर प्लायची करा. वॉटरप्रूफ प्लाय 9 मिलिमीटर जाडीचा पुरतो. लांबी 450, रुंदी 400 आणि उंची 400 मिलिमीटर अशी पेटी केली तर आत साठ लिटरच्या आसपास जागा मिळते आणि नुसत्या पेटीचं वजन सहा किलोच्या जवळपास राहतं. 12 मिलिमीटरचा प्लाय घेतला तर तीच पेटी आठ किलोची होते. आठ बाय चारच्या एका शीटमधून अशा दोन पेट्या निघतात, त्यामुळे दोघांनी मिळून शीट घेतलं तर परवडतं.

सांधे नुसत्या खिळ्यांवर ठेवू नका. वॉटरप्रूफ फेव्हिकॉल लावून स्क्रू मारा आणि आतून कोपऱ्यांना एल पट्ट्या लावा. झाकण चारी बाजूंनी अर्धा इंच बाहेर येऊ द्या, कडेला रबर लावा. तळाच्या कोपऱ्यांत बारीक भोकं ठेवा, पाणी शिरलंच तर निघून जाईल. बाहेरून, आतून आणि विशेषतः कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या.

बिजागऱ्या झाकणाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे चालवणाऱ्याकडे लावा आणि कडी-कोयंडा मागे. चालत्या गाडीत कडी सुटली तरी वारा झाकण दाबून ठेवतो. उलट लावलं तर झाकण वाऱ्याने उघडून तुटतं.

पत्र्याची पेटी करत असाल तर कडा दुमडून घ्या. ठिबकची जुनी 16 एमएमची नळी उभी चिरून कडेवर बसवली तरी चालते. पडल्यावर हाता-पायाला पत्रा लागत नाही.

स्टँड आणि बसवणं

स्टँडसाठी 20 बाय 20 मिलिमीटरचा, 16 गेजचा चौकोनी पाइप चांगला. चार मीटर पाइप लागतो आणि तो पावणेचार किलोच्या आसपास भरतो. वेल्डिंगवाले लोखंड किलोवर लावतात, म्हणून दर आणि मजुरी आधीच ठरवा. वर रेड ऑक्साइड मारून मग रंग द्या.

स्टँडची वेल्डिंग गाडीवर करू नका. माप घेऊन स्टँड खाली बनवा आणि मग बोल्टने बसवा. गाडीवर वेल्डिंग केल्याने चॅसी कमजोर होते आणि नव्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा खराब होऊ शकते.

स्टँडला आधार चार जागी पाहिजे. मागचे दोन पाय कंपनीच्या कॅरिअरच्या किंवा मागच्या पकडदांडीच्या बोल्टवर घ्या. पुढचे दोन चॅसीवरच्या बोल्टवर. मागच्या फूटरेस्टच्या बोल्टवर पाय घेण्याआधी नीट बघा. काही गाड्यांचे मागचे फूटरेस्ट स्विंग आर्मवर असतात, म्हणजे चाकाबरोबर वर-खाली होतात. तिथे पाय बांधला तर स्टँड वाकतो नाहीतर तुटतो. शॉकअपच्या वरच्या बोल्टवर पट्टी घातल्यावर नट पूर्ण आटे धरत नसेल तर ती जागा सोडा.

पेटी स्टँडला 8 एमएमच्या चार बोल्टने बसवा. पेटीच्या आत, तळावर दोन लोखंडी पट्ट्या आडव्या टाका आणि बोल्ट त्या पट्ट्यांमधून घ्या. नुसत्या वायसरवर ठेवू नका, माझी पेटी तिथेच फाटली होती. पेटी आणि स्टँडच्या मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा आणि साधा नट न वापरता नायलॉक नट वापरा. पेटी जितकी पुढे आणि जितकी खाली बसेल तितकी चांगली.

रस्त्यावर नेण्याआधी हे तपासा

– टेललाइट, दोन्ही इंडिकेटर आणि नंबर प्लेट मागून पूर्ण दिसतात का?
– सायलेन्सरपासून पेटी आणि स्टँड किमान चार बोटं लांब आहेत का?
– माल भरून दोन माणसांनी मागून दाबल्यावर स्टँड चाकाला किंवा मडगार्डला घासतो का?
– हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, साइड स्टँडवर उभी करून गाडी झुकते का?
– पेटीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावली का? रात्री उसाच्या ट्रॉलीमागे किंवा अंधाऱ्या रस्त्यावर तीच वाचवते.

पहिल्या दिवशी पेटी रिकामी ठेवून चालवा, मग अर्ध्या मालावर आणि त्यानंतरच पूर्ण. पन्नास किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळा आणि पुढे दर पंधरा दिवसांनी हात लावून बघा. माल असेल तेव्हा मागच्या चाकात हवा पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेल्या आकड्याएवढी भरा. ब्रेक नेहमीपेक्षा आधी लावायला लागा, कारण भरलेली गाडी उशिरा थांबते.

जड वस्तू पेटीत तळाला आणि पुढच्या बाजूला ठेवा, हलक्या वर. आणि चालवताना हँडल हलकं लागलं, डगमगायला लागलं, तर 'जाऊ दे, पोचतोच आता' म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि माल पुढे सरकवा किंवा कमी करा. उलाळ झालेली बैलगाडी जागेवर थांबते. दुचाकीला तेवढा वेळ मिळत नाही.