पुन्हा आणा, पुन्हा पाहू

कोल्हापुरातल्या एका सभागृहात सकाळपासून चित्रं उतरताहेत. इचलकरंजी, गडहिंग्लज, मिरज, कराड, सावंतवाडी... कुणी टेम्पोनं पाठवलीत, कुणी एस.टी.च्या सीटवर शेजारी उभी करून स्वतः आणलीत. जुन्या साड्या, चादरी, थर्माकोल, खोक्यांचे पुठ्ठे सोडवले जातात आणि आतून एकेक फ्रेम बाहेर येते. इथल्या चित्रकला महाविद्यालयांतले विद्यार्थी ती भिंतीला टेकवून ठेवताहेत. विभागीय कला प्रदर्शनासाठी आज निवड आहे.

प्रत्येक कामाच्या पाठीमागच्या नावावर ब्राऊन पेपर चिकटवलेला आहे. पुढं फक्त क्रमांक. सहीचं काय करायचं, हा प्रश्न मुलांनी साधेपणानं सोडवलाय. चित्र धरणारा मुलगा सहीच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा छोटा तुकडा धरतो. रंगाला चिकटपट्टी लागत नाही आणि नावही दिसत नाही.

नाव झाकण्याला आपल्याकडं फार मोठा अर्थ आहे. कृष्णाजी हौळाजी आरा मुंबईत घरकाम करत, मोटारी धूत चित्रं काढत होते. 1944 साली त्यांना गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. माणसाची ओळख बाजूला ठेवून काम पाहिलं की असं घडू शकतं. 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक 1895 मध्ये मिळवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर याच कोल्हापुरात जन्मले होते. वार्षिक प्रदर्शनातली निवड ही नव्या चित्रकाराच्या आयुष्यातली पहिली जाहीर पावती असते, हे या गावाला ठाऊक आहे.

तीन परीक्षक खुर्च्यांवर बसलेत. सत्तरी ओलांडलेले एक जलरंगकार, मुंबईहून आलेल्या एक मुद्राचित्रकार आणि सांगलीकडचे एक शिल्पकार. समोर दहा फुटांवर इझल आहे. तिघांपैकी दोघांचे हात वर झाले की काम उजव्या भिंतीकडं, नाहीतर डावीकडं. बाजूला एक विद्यार्थिनी वहीत क्रमांक आणि परीक्षकांचे शब्द टिपून घेतेय.

पहिली फेरी वेगानं चालते. निसर्गचित्रं ढिगानं आहेत. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याची तटबंदी, जुन्या वाड्यांचे दरवाजे. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ जिथल्या तिथं बसून रंगवलं, त्या गावात हे व्हायचंच. 1931 साली ते गेले, पण त्यांनी घालून दिलेली निसर्गचित्रणाची वाट इथं अजून चालती आहे. म्हणूनच इथल्या परीक्षकाची नजर या विषयाला अधिक कडक असते.

एक संध्याकाळचा रंकाळा येतो. जलरंगकार उठून जवळ जातात. "पाण्यावरची चमक पांढरा रंग लावून काढलीय. कागद कोरा राखला असता तर उजेड आतून आला असता." हात वर होत नाही. पुढचं चित्र बाजाराचं, रेखाटन पक्कं. तरी ते मान हलवतात. "सावल्या बघा, नुसत्या काळ्या. आपल्या डोळ्याला सावलीत निळा, जांभळा, तांबूस दिसतो. मोबाइलच्या फोटोत तो हरवतो. हा पोरगा बाजारात बसलेला नाही." विद्यार्थिनी हे वहीत लिहून घेते.

टेराकोटाचं एक मुखशिल्प टेबलावर ठेवलं जातं. शिल्पकार लगेच म्हणतात, "हे काम माझ्या विद्यार्थ्याचं आहे. हात ओळखतो मी. तुम्ही दोघं ठरवा." ते खुर्ची सोडून खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. उरलेले दोघं शिल्पाभोवती फिरतात, मागून मानेचा उतार पाहतात आणि ते घेतात. नियमपुस्तकात हे लिहिलेलं असो वा नसो, परीक्षकावरचा विश्वास अशा वागण्यातूनच उभा राहतो.

दुपारी एक मोठं तैलचित्र येतं. वारी, पाच फुटांचा कॅनव्हास, दोन मुलांनी मिळून धरलेला. तिन्ही हात वर. त्याच्यामागून एक लहानसा काष्ठठसा येतो, काचेच्या फ्रेममध्ये, काळा-पांढरा. काचेत ट्यूबलाईट चमकतेय. एकच हात वर होतो, मुद्राचित्रकार बाईंचा. फ्रेम डावीकडं जाते.

चहा होतो. कप ठेवता ठेवता बाई म्हणतात, "तो मघाचा छोटा प्रिंट पुन्हा आणा. पुन्हा पाहू."

मुलं शोधाशोध करतात. या वेळी तो इझलवर न ठेवता टेबलावर सपाट ठेवला जातो, डोक्यावरची ट्यूबलाईट बंद केली जाते. तिघंही वाकून बघतात. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांची रात्र आहे. एका कोपीत दिवा, बाहेर बैलगाडी, चुलीपुढं बसलेली बाई, आणि मागं उसाचा फड.

"फड कसा काढलाय बघा," बाई म्हणतात. "लाकडाच्या रेषाच ठेवल्यात. त्याच उसाच्या झाल्यात. आणि उजेड जिथं आहे तिथं लाकूड कोरून काढलंय. इथं चुकलं तर पुन्हा भरता येत नाही. त्या बाईच्या गालावर एवढासाच उजेड आहे, तो एका कापात आलाय."

जलरंगकार बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "एवढंसं काम आपण दहा फुटांवरून पाहिलं, मॅडम." आणि हात वर करतात. शिल्पकारांचाही हात वर होतो.

आता अडचण जागेची. चिटणीस टेप घेऊन भिंती मोजताहेत. जेवढी कामं घेतलीत तेवढी मावत नाहीत. "दोन रांगांत लावू की सर," ते सुचवतात. जलरंगकार साफ नकार देतात. "वरच्या रांगेतलं कुणी बघत नाही. लावून अपमान करण्यापेक्षा कमी लावा." त्यामुळं उजव्या भिंतीची पुन्हा फेरी होते आणि या वेळी प्रत्येक क्रमांकावर चर्चा होते. रंकाळ्याची सहा चित्रं शेजारी शेजारी मांडल्यावर दोनच टिकतात. दोन हातांनी आत आलेलं एक व्यक्तिचित्र बाहेर जातं, कारण चेहऱ्यावर घेतलेली मेहनत हातांवर घेतलेली नाही. वारी राहते. ऊसतोडीचा ठसाही राहतो, आणि त्याला डोळ्यांच्या उंचीवर, दाराजवळची जागा द्यायची असं ठरतं.

संध्याकाळी यादी तयार होते. डावीकडच्या भिंतीला बरीच कामं टेकलेली आहेत. त्यांच्या मालकांना एक छापील पत्र जाईल. निवड झाली नाही, अमुक तारखेपर्यंत काम घेऊन जावं, एवढाच मजकूर.

पण त्या विद्यार्थिनीच्या वहीत त्यांच्यासाठी किती लिहिलेलं आहे! कागद कोरा राखा. सावलीत रंग शोधा. हातांचा अभ्यास करा. सावंतवाडीहून फ्रेम करून, भाडं भरून चित्र पाठवणाऱ्या मुलाला हे शब्द हवे असतात. ते शब्द त्याला मिळत नाहीत आणि नकार तेवढा मिळतो. मग पुढच्या वर्षी तो तीच चूक अधिक मोठ्या कॅनव्हासवर करतो, किंवा चित्र पाठवणंच सोडतो.

दिवसभर इथं बसून माझं मत पक्कं झालंय. निवडीचा न्याय दोन गोष्टींत आहे. लहान कामाला जवळून, नीट उजेडात दुसऱ्यांदा पाहण्याची सोय, आणि नाकारलेल्याला एका ओळीचं कारण. पहिलीला आणखी थोडा वेळ लागतो. दुसरीला काहीच लागत नाही, कारण शेरा आधीच बोललेला आणि लिहिलेला असतो. प्रदर्शनं भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं यंदापासून त्या छापील पत्राखाली तो हातानं लिहून पाठवावा.