हौशी स्मार्टफोन छायाचित्रण

हौशी स्मार्टफोन छायाचित्रण म्हणजे उपजीविकेसाठी नव्हे, तर आनंद, नोंद किंवा कलाभ्यास म्हणून स्मार्टफोनमधील कॅमेऱ्याने छायाचित्रे टिपण्याचा छंद होय. साधन सतत जवळ असणे, प्रत्येक छायाचित्रामागे वेगळा खर्च नसणे आणि टिपलेले चित्र तत्काळ पाहता येणे या तीन कारणांमुळे हा छंद सर्व वयोगटांत रुजला आहे. तथापि छायाचित्रांची संख्या वाढल्याने कौशल्य आपोआप वाढत नाही. स्वतःच्या चित्रांचे परीक्षण आणि जाणकारांचे नेमके अभिप्राय हे या छंदातील शिक्षणाचे प्रमुख मार्ग मानले जातात.

इतिहास

११ जून १९९७ रोजी फिलिप कान यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या सांताक्रूझ येथील प्रसूतिगृहातून आपल्या नवजात कन्येचे छायाचित्र परिचितांना पाठवले. त्यासाठी त्यांनी डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि भ्रमणध्वनी एकमेकांना जोडले होते. भ्रमणध्वनीवरून छायाचित्र पाठवण्याच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. १९९९ साली जपानमध्ये क्योसेरा कंपनीचा व्हीपी-२१० हा कॅमेरायुक्त भ्रमणध्वनी विक्रीस आला. त्याच्या कॅमेऱ्याची क्षमता सुमारे १ लाख १० हजार चित्रबिंदूंची होती. २००० साली जपानमध्येच शार्प कंपनीचा जे-एसएच०४ हा भ्रमणध्वनी आला. २००७ मधील पहिल्या आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा होता, तर २०१२ मध्ये नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू या भ्रमणध्वनीत ४१ मेगापिक्सेलचा संवेदक बसवण्यात आला.

पुढील टप्प्यात भिंग व संवेदक यांच्याइतकेच महत्त्व संगणकीय प्रक्रियेला आले. एकापाठोपाठ घेतलेल्या अनेक चौकटी जुळवून एकच चित्र तयार करण्याची पद्धत २०१३ नंतर सर्वसाधारण फोनपर्यंत पोहोचू लागली. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पार्श्वभूमी धूसर करणारी व्यक्तिचित्र सुविधा आली आणि २०१८ मध्ये गूगल पिक्सेल फोनांवर रात्रीच्या छायाचित्रणाची सुविधा आली.

हौशी छायाचित्रकारांनी एकत्र जमून परस्परांची चित्रे पाहण्याची परंपरा मात्र स्मार्टफोनपेक्षा फार जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था सुरू झाली.

तांत्रिक बाजू

संवेदक आणि चित्रबिंदू

भिंगातून आलेला प्रकाश संवेदकावर पडतो व त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर होते. संवेदकाला स्वतःला रंग कळत नाहीत. त्यामुळे त्यावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल व पाव निळ्या असतात. उरलेले रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात.

व्यावसायिक कॅमेऱ्यांतील पूर्णचौकट संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. स्मार्टफोनमधील संवेदक त्याच्या तुलनेत कित्येक पटींनी लहान असल्याने त्यावर एकूण प्रकाश कमी पडतो. म्हणूनच मंद उजेडात चित्रात दाणेदारपणा येतो किंवा तो घालवण्याच्या प्रक्रियेत बारकावे पुसले जातात. अधिक मेगापिक्सेल म्हणजे अधिक चांगले चित्र, ही समजूत त्यामुळे अपुरी आहे. ४८ मेगापिक्सेलचा संवेदक असलेले बरेच फोन चार-चार बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात, कारण त्यात प्रकाशाची नोंद अधिक भरवशाची होते.

भिंग आणि अंतर

बहुतेक स्मार्टफोनचे मुख्य भिंग विस्तृत दृश्य टिपणारे असते. पूर्णचौकट कॅमेऱ्याच्या हिशेबात त्याचे नाभीय अंतर साधारण २४ ते २८ मिलिमीटर भरते. संपूर्ण चेहरा चौकटीत भरावा म्हणून छायाचित्रकार फार जवळ गेला, की नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. हा दोष भिंगापेक्षा अंतराचा आहे. दोन पावले मागे सरून दुपटीचे भिंग वापरल्यास चेहरा स्वाभाविक दिसतो. स्वतंत्र भिंग नसताना बोटांनी ताणून केलेले दृश्यवर्धन हे मुख्यतः चित्राचा मधला भाग कापून मोठा करणेच असते.

पार्श्वभूमीची धूसरता अनेकदा संगणकीय असते. त्यामुळे केसांच्या बटा, चष्म्याच्या कडा किंवा नथीचे मोती अर्धवट पुसले गेलेले आढळतात. चित्र मोठे करून अशा कडा तपासणे आवश्यक असते.

प्रकाशमापन

फोन समोरच्या दृश्यातील उजेडाची सरासरी पाहून प्रकाश ठरवतो. खिडकीसमोर बसलेली व्यक्ती काळवंडते आणि काळ्या पाषाणाची मूर्ती राखाडी दिसते, त्याचे कारण हेच. पडद्यावर महत्त्वाच्या भागाला बोट लावल्यास फोन त्या भागानुसार प्रकाश व स्पष्टता ठरवतो. बोट काही क्षण दाबून धरल्यास बहुतेक फोनांत ही निवड कायम राहते आणि त्यानंतर उजेड कमी-अधिक करता येतो. अतिउजेडाने पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर सुधारता येत नाही. त्यामुळे शंका असल्यास चित्र किंचित गडद घेणे सोयीचे ठरते.

मूलभूत कौशल्ये

नवशिक्याने आरंभी अंगी बाणवण्याच्या सवयी थोड्या व बिनखर्चाच्या आहेत. भिंग मऊ सुती कापडाने पुसणे ही त्यातील पहिली होय. खिशातील धूळ व बोटांचे तेल यांमुळे दिव्यांभोवती धुरकट वलये दिसतात. कोपरे शरीराशी टेकवून फोन दोन्ही हातांनी धरल्यास हालल्याचा दोष कमी होतो. चित्र टिपण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवल्यास डोक्यातून उगवलेला विजेचा खांब किंवा अर्धवट कापलेला हात वेळीच ध्यानात येतो.

चित्ररचनेत तृतीयांश नियम प्रसिद्ध आहे. चौकटीचे उभे व आडवे तीन-तीन समान भाग कल्पून महत्त्वाचा घटक रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवावा, असे तो सांगतो. या नावाचा उल्लेख इंग्रज चित्रकार जॉन टॉमस स्मिथ यांच्या १७९७ मधील लेखनात आढळतो. हा नियम मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. देवळाचा गाभारा, दीपमाळ किंवा पाण्यातील प्रतिबिंब यांसारख्या सममित विषयांत घटक मध्यभागी ठेवणेच पुष्कळदा योग्य ठरते.

प्रकाशाची दिशा ओळखणे हे यांहून महत्त्वाचे कौशल्य आहे. माथ्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबण्यांत काळोख साचतो. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश पृष्ठभागाचा पोत उठावदार करतो. दारातून घरात येणारा उजेड व्यक्तिचित्रासाठी सौम्य असतो.

अभिप्रायातून शिक्षण

अभिप्रायाचे प्रकार

हौशी छायाचित्रकाराला मिळणारे अभिप्राय ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात : पसंतीची खूण किंवा ‘छान’ असा शब्द, वैयक्तिक आवडनिवड, आणि चित्रातील विशिष्ट घटकावर बोट ठेवणारे परीक्षण. पहिल्याने उत्साह टिकतो, पण पुढे काय करावे ते कळत नाही. शिवाय अशी पसंती अनेकदा चित्राला नसून चित्रातील नातवाला, देवाला किंवा सूर्यास्ताला असते.

अभिप्राय नेहमी उपकारकच असतो असेही नाही. अव्राहम क्लुगर व अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. अभिप्रायामुळे सरासरीने कामगिरी सुधारत असली, तरी एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती खालावल्याचे त्यात आढळले. लक्ष कामावरून निघून स्वतःच्या प्रतिष्ठेकडे वळले, की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉन हॅटी व हेलन टिंपरली यांनी २००७ मधील लेखात उपयुक्त अभिप्रायाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे मांडले : कोठे जायचे आहे, आता कोठे आहोत आणि पुढचे पाऊल कोणते. व्यक्तीची केवळ स्तुती करणारा अभिप्राय त्यांच्या मते शिकण्यास सर्वांत कमी साहाय्यक असतो.

परीक्षणाची पद्धत

कलाशिक्षणात एडमंड फेल्डमन यांची चार पायऱ्यांची पद्धत रूढ आहे : वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यमापन. निर्णय सर्वांत शेवटी देणे हे या पद्धतीचे मर्म आहे. आधी चित्रात काय दिसते ते सांगितल्याने, छायाचित्रकाराला जे दाखवायचे होते ते पाहणाऱ्यापर्यंत पोहोचले की नाही, हे आपोआप उघड होते.

उदाहरणार्थ, गावाच्या वेशीवरील वीरगळाचे भर दुपारी घेतलेले छायाचित्र पाहणाऱ्याने ‘चांगले आले नाही’ असे म्हटल्यास त्यातून काही हाती लागत नाही. तेच परीक्षण पायरीपायरीने केल्यास असे होते : चित्रात एक उभा दगड व मागे पत्र्याची टपरी दिसते. दगडावर काही कोरले आहे, पण आकृती ओळखू येत नाहीत. ऊन समोरून पडल्याने कोरीव भागाला सावलीच नाही. नजर टपरीच्या निळ्या रंगाकडे जाते. म्हणून सकाळी, ऊन दगडाच्या बाजूने येत असताना, थोडे डावीकडे सरकून टपरी चौकटीबाहेर ठेवून पुन्हा चित्र घ्यावे. अशा परीक्षणाने केवळ ते चित्र सुधारत नाही. उथळ कोरीव काम तिरप्या उजेडातच वाचता येते, हे तत्त्व शिकणाऱ्याच्या हाती लागते आणि शिलालेख, लाकडी कोरीवकाम किंवा जुनी नाणी टिपतानाही ते उपयोगी पडते.

अभिप्राय मागणे, देणे व स्वीकारणे

‘कसे आहे?’ या प्रश्नाला सहसा ‘छान’ हेच उत्तर मिळते. ‘तुमची नजर प्रथम कोठे गेली?’ किंवा ‘यातून काय काढून टाकावे?’ असे विचारल्यास उत्तर नेमके येते. एका वेळी दहा-वीस नव्हे, तर एक किंवा दोन चित्रे दाखवणे इष्ट असते. निवड करणे हादेखील अभ्यासाचाच भाग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीप्रमाणे पाठवल्यास ते आक्रसले जाते व बारकावे हरवतात. परीक्षणासाठी ते दस्तऐवज म्हणून पाठवणे योग्य ठरते.

अभिप्राय देणाऱ्याने चित्राविषयी बोलावे, चित्र घेणाऱ्याविषयी नाही. जमलेली एक गोष्ट कारणासह सांगावी आणि सुधारणा करता येईल अशी एकच गोष्ट सुचवावी. लहान मुले व उतारवयात छंद लावून घेणारे यांच्या बाबतीत हा संयम विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण दोहोंतही पहिल्या टोचऱ्या शब्दाने फोन खिशात परत जाण्याचा संभव असतो.

प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असे नाही. रंगांची आवड ही रुचीची बाब असू शकते. परंतु परस्परांशी न बोललेल्या तीन व्यक्तींची नजर एकाच अनावश्यक वस्तूवर थबकत असेल, तर दोष चित्रात आहे असे मानणे युक्त होय. सूचना मिळाल्यावर त्याच विषयाचे पुन्हा चित्र घेऊन दोन्ही शेजारी ठेवून पाहणे, हा अभिप्राय पचवण्याचा उत्तम मार्ग समजला जातो.

नैतिक व कायदेशीर बाजू

फोन लहान व सर्वत्र असल्याने समोरच्या व्यक्तीच्या नकळत चित्र घेणे सोपे झाले आहे. आजारी, शोकाकुल वा निराधार व्यक्तींच्या चित्रांना ‘भावस्पर्शी’ म्हणून दाद मिळते. मात्र ज्या अभिप्रायात रचनेची चर्चा होते व संमतीचा प्रश्न विचारला जात नाही, तो अपुरा मानावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा प्रसारित करणे गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार, खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्र घेणे दंडनीय आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र टिपणारी व्यक्ती त्या चित्राची कर्ती असते. फोन कोणाचा होता यावर कर्तेपण ठरत नाही. कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो.

चित्रासाठी विषयाला इजा होऊ नये, हा संकेतही महत्त्वाचा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे. कास पठारावर छायाचित्रासाठी फुलांत बसल्याने रोपे तुडवली जातात. शिलालेख उठून दिसावा म्हणून त्यावर खडू, पीठ वा तेल लावल्याने दगडाची हानी होते. तिरपा उजेड हेच काम निर्धोकपणे करतो. धोकादायक कड्यांवर व समुद्रकाठी स्वचित्र घेताना मृत्यू घडले असून २०१६ मध्ये वांद्रे येथील दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनी शहरातील काही ठिकाणे सेल्फीसाठी धोकादायक म्हणून निश्चित केली.

मर्यादा

सतत छायाचित्रे घेतल्याने अनुभव पातळ होतो, असा आक्षेप घेतला जातो. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संग्रहालयातील वस्तूंची छायाचित्रे घेणाऱ्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा टिपलेल्या वस्तू कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर लक्ष केंद्रित करून चित्र घेतले असता ही घट दिसली नाही. छायाचित्रण स्वतःहून लक्ष कमी करते असे नसून, लक्ष न देता केलेले छायाचित्रण तसे करते, असा अर्थ यातून काढता येतो.

जतन व नोंद

फोन हरवला, बिघडला वा बदलला की चित्रे नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून किमान दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवणे आवश्यक आहे. चित्राच्या फाइलमध्ये दिनांक, वेळ व परवानगी असल्यास स्थळही नोंदले जाते. ही माहिती संशोधनास उपयुक्त असली, तरी घराचे किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे ठिकाण तीमुळे उघड होऊ शकते.

व्यक्तींची नावे, गाव व प्रसंग यांची नोंद मात्र फोन स्वतः करू शकत नाही. पाडले जाणारे वाडे, उघड्यावर झिजणारे वीरगळ, बंद पडत चाललेले व्यवसाय आणि जुन्या शाळांच्या इमारती यांची नोंद असलेली हौशी छायाचित्रे स्थानिक इतिहासाचे साधन ठरू शकतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर अशी चित्रे मुक्त परवान्याखाली देता येतात. तेथे प्रत्येक चित्रासोबत वर्णन देणे अपेक्षित असते, कारण वर्णनाशिवाय ते कोणत्या गावाचे, कोणत्या वर्षाचे व कशाचे आहे हे पुढील पिढीला सांगता येत नाही.