तार कुठून घालायची?

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीतला छातीत दुखणारा माणूस आधी भुसावळला जातो, मग जळगावला. धुळे, नाशिक, मुंबई त्यानंतर. अँजिओग्राफी झाली की घरच्यांच्या तोंडी एकच आकडा राहतो : १०० टक्के ब्लॉकेज. नव्वदपेक्षा शंभर भयंकर, हा आपला हिशोब. हृदयाच्या बाबतीत तो दर वेळी लागू पडत नाही. गुठळी अडकून अचानक बंद झालेली धमनी म्हणजे हार्ट अ‍ॅटॅक. तिथे मिनिटं मोजावी लागतात. पण अरुंद होत होत पूर्ण मिटलेली आणि किमान तीन महिने तशीच असलेली धमनी, जिला डॉक्टर ‘सीटीओ’ म्हणतात, तिची गोष्ट निराळी. हा रुग्ण अनेकदा आपल्या पायांनी चालत येतो आणि जिना चढताना धाप लागते, एवढीच तक्रार सांगतो.

तो तगून कसा राहतो, हे औष्णिक केंद्राच्या गावाला समजावणं सोपं आहे. एक फीडर बंद पडला की दुसऱ्यावरून बॅकफीड देतात. तसं शेजारच्या धमनीतून केसाएवढ्या उपवाहिन्या बंद भागाच्या पलीकडे रक्त पोचवतात. बसल्या जागी ते पुरतं, श्रम केले की बहुधा कमी पडतं.

धमनी उघडण्याची सोयच नव्हती, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात एक धाडसी कल्पना लढवली गेली. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला पोकळीतूनच थेट रक्त मिळतं. मग माणसाच्या स्नायूलाही सुईने भोकं पाडून तसं रक्त का देऊ नये? डॉ. पी. के. सेन यांनी उडवाडिया, किनरे आणि परुळकर या सहकाऱ्यांसह १९६५मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. हेच सेन १९६८च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदयरोपण करणारे. पुढे सुईच्या जागी लेसर आला. पण पाडलेली भोकं बुजतात, हा पेच सुटला नाही. कल्पना हरली तरी तिचा रोख मला महत्त्वाचा वाटतो. बंद वाटेशी झगडण्याऐवजी रक्ताला दुसरी वाट शोधायची. बायपासनेही तेच केलं, जास्त यशस्वीपणे.

मूळची वाटच उघडण्याची सोय नंतर आली : १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवून अँजिओप्लास्टी केली. फुग्याच्या आधी वायर अडथळ्यापलीकडे जावी लागते, आणि सीटीओत घोडं अडतं ते इथेच. जुना अडथळा चिवट तंतूंचा, कधी चुन्यासारखा टणक. वायर जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाची ताकद ग्रॅममध्ये मोजतात : मऊ वायर एक ग्रॅमच्याही आतली, कडक वायर १२ ग्रॅमची आणि त्याहून पुढची. मऊपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे कडक वायर घ्यायची, ही पहिली रीत. दुसऱ्या रीतीत वायर मुद्दाम धमनीच्या भिंतीच्या थरांत शिरवतात आणि अडथळा ओलांडल्यावर पुन्हा खऱ्या नळीत आणतात. तिसरी जपानी डॉक्टरांनी घडवली, त्यात ओसामु काटो यांचं नाव अग्रभागी : दुसऱ्या धमनीतून, त्याच उपवाहिन्यांमधून उलटं जायचं आणि अडथळा मागून फोडायचा.

डॉक्टरांत बराच काळ आपापल्या रीतीची घराणी होती. २०१२मध्ये अमेरिकेतल्या काही हृदयतज्ज्ञांनी ‘हायब्रिड’ आराखडा मांडला, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत शहाणा बदल तो. आधी दोन्ही धमन्यांत, बंद पडलेल्या आणि तिला उपवाहिन्यांतून रक्त पुरवणाऱ्या, एकाच वेळी रंगद्रव्य सोडून नीट पाहायचं. अडथळ्याचं अलीकडचं तोंड स्पष्ट आहे का? लांबी २० मिलिमीटरच्या आत आहे का? पलीकडची नळी बरी आहे का, आणि उपवाहिन्यांतून जाता येईल का? तोंड स्पष्ट आणि अडथळा आखूड असेल तर साधी वायर. लांब असेल आणि पलीकडची नळी चांगली असेल तर भिंतीतून. तोंडच सापडत नसेल किंवा पलीकडची नळी खराब असेल तर उलटा मार्ग. आणि एक रीत अडली की हट्ट न धरता लगेच दुसरी. अनुभवी केंद्रांत यश ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास जातं. धमनीला भोक पडण्याचा, मूत्रपिंडावर रंगद्रव्याचा ताण येण्याचा आणि किरणोत्साराचा धोका मात्र साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा जास्त.

उघडायचीच का, हा प्रश्न खरं तर आधीचा. तो मी मागे ठेवला, कारण कॅथलॅबमध्येही तो बऱ्याचदा मागे पडतो. युरो-सीटीओ चाचणीत, ३९६ रुग्णांत, धमनी उघडल्यावर वर्षभरात छातीतलं दुखणं कमी झालं, जगणं सुसह्य झालं. डिसिजन-सीटीओ या आशियाई चाचणीत, ८१५ रुग्णांत, मृत्यू किंवा हार्ट अ‍ॅटॅक टळल्याचं दिसलं नाही. मात्र नुसत्या औषधांच्या गटातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याने नंतर अँजिओप्लास्टी करून घेतल्याने निकाल धूसर झाला. म्हणजे औषधं नीट घेऊनही त्रास होत असेल, तर उघडण्यात अर्थ आहे. ‘आयुष्य वाढेल’ म्हणून गळ घालणाऱ्याला पुरावा विचारावा.

खर्चाचं गणितही वेगळं. फेब्रुवारी २०१७मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, पण तो आदेश स्टेंटपुरता होता. सीटीओत खर्ची पडतात त्या वायरी आणि मायक्रोकॅथेटर, म्हणजे वायरीला आधार देणाऱ्या बारीक नळ्या. उपचारांचा खर्च उचलणारी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळं होतं. जळगावला पुढच्या वर्षी मिळाली. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि तिच्यात अँजिओप्लास्टी बसते. पण उलटा मार्ग चालणारा हात जवळच्या कॅथलॅबमध्ये असेलच असं नाही, आणि ‘हे आमच्याकडे नको, पुढे जा’ म्हणणारा डॉक्टर मला प्रामाणिक वाटतो.

कधी तास-दोन तासांनी काम थांबवतात, फुग्याने वाट थोडी मोकळी करून ठेवतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत बोलावतात. घरचे ‘फेल गेलं’ म्हणून घरी येतात. पुष्कळदा तो ठरवून घेतलेला टप्पा असतो. अशा वेळी, आणि एरवीही, अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी. कागदावर ‘१०० टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं. अडथळ्याचं तोंड, त्याची लांबी, उपवाहिन्यांची वळणं सीडीतच दिसतात, आणि दुसऱ्या डॉक्टरला मत द्यायला तीच लागतात.