'थोडें' आणि 'थोडेंच'

इंग्रजी बोलींत उरल्यासुरल्या वस्तूचा हिशेब सांगतांना 'अ' या एका अक्षराला मोठें मोल येतें. आजाऱ्याविषयीं डॉक्टर 'देअर इज अ लिटल होप' म्हणाले, तर घरच्यांनीं धीर धरावा. आशा थोडी कां होईना, पण आहे. तोच 'अ' गाळून 'देअर इज लिटल होप' म्हणाले, तर ती जवळजवळ सरली. मराठींत हें काम 'च' हें अव्यय करतें: 'थोडें दूध आहे' आणि 'थोडेंच दूध आहे'. मात्र मराठींत निराशेसाठीं अक्षर वाढवावें लागतें, इंग्रजींत तें काढावें लागतें. शिवाय मराठीला अशा 'अ'ची सवयच नाहीं. म्हणून घाईच्या बोलण्यांत तो गळतो आणि धीराचा निरोप नकळत निराशेचा होतो. मोजतां येणाऱ्या वस्तूंना 'लिटल'च्या जागीं 'फ्यू' येतें, नियम तोच. त्यांतही एक खोडी आहे. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे मोजकेच, परंतु 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चांगले बरेच!

तथापि नुसतें 'लिटल' किंवा 'फ्यू' घरगुती बोलण्यांत पुस्तकी वाटतें. दूध कमी असलें तर इंग्रज गृहिणी 'देअर इझंट मच मिल्क लेफ्ट' म्हणते. अंडीं कमी असलीं तर 'मच'ऐवजीं 'मेनी'. साखर घटूं लागली कीं 'वी आर रनिंग लो ऑन शुगर', संपत आली कीं 'रनिंग आउट', आणि 'वी हॅव रन आउट' म्हटलें कीं डबा रिकामा. 'शुगर इज फिनिश्ड' हें समजतें, पण तिकडच्या कानाला किंचित् परकें लागतें.

मराठी घरांत बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणतात, नारळही 'वाढवितात'. उणेपणाच्या शब्दाचा असा संकोच इंग्रजीला नाहीं. 'वी आर आउट ऑफ सॉल्ट' हें तेथें बेधडक बोललें जातें. 'ईक आउट' हा प्रयोग मात्र मौजेचा आहे. थोडक्या वस्तूंत दिवस निभावणें हा त्याचा अर्थ. पण 'ईक' या जुन्या क्रियापदाचा मूळ अर्थ 'वाढविणें' असाच! जुलै १९४० मध्यें इंग्लंडांत चहावर नियंत्रण आलें आणि माणशीं आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारें पांच तोळे चहा मिळूं लागला, तेव्हां घरोघर तो 'ईक आउट' करावा लागला.