धारणकाल-परतावा

धारणकाल-परतावा : एखादा भाग (शेअर) खरेदी केल्यापासून विकेपर्यंतच्या काळात त्यापासून मिळालेल्या एकूण लाभाचे खरेदी-किंमतीशी असलेले शेकडा प्रमाण. या लाभाचे दोन घटक असतात : किंमतीतील वाढ किंवा घट आणि धारणकालात मिळालेला लाभांश. विक्री-किंमत व एकूण लाभांश यांच्या बेरजेतून खरेदी-किंमत वजा करून बाकीस खरेदी-किंमतीने भागतात व १०० ने गुणतात. दलाली व इतर खर्च खरेदी-किंमतीत मिळवावे आणि विक्री-किंमतीतून वजा करावे लागतात.

उदा., भुसावळच्या एखाद्या गुंतवणूकदाराने १० रु. दर्शनी मूल्याचा भाग २०० रुपयांस घेतला, पहिल्या वर्षी ६ रु. व दुसऱ्या वर्षी ८ रु. लाभांश मिळाला आणि दोन वर्षांअखेर तो २३६ रुपयांस विकला, असे मानू. एकूण लाभ ३६ + १४ = ५० रु. व परतावा २५ टक्के होतो. त्यांपैकी १८ टक्के किंमतवाढीचा आणि ७ टक्के लाभांशाचा वाटा होय.

लाभांशाचा दर दर्शनी मूल्यावर जाहीर होत असल्याने येथे गफलत होते. वरील ६ रु. म्हणजे ६० टक्के लाभांश. परंतु २०० रु. देणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ ३ टक्के ठरतो. तसेच २५ टक्क्यांस दोनाने भागून वार्षिक दर १२·५ टक्के धरणे योग्य नव्हे. चक्रवाढीने तो १·२५ च्या वर्गमुळावरून सु. ११·८ टक्के येतो. कालावधी भिन्न असलेल्या गुंतवणुकींची तुलना या वार्षिक दरानेच करावी.

बोनस भाग व भागविभाजन यांमुळे भागांची संख्या वाढते आणि त्या प्रमाणात किंमत उतरते. वरील उदाहरणात एकास एक बोनस भाग मिळून दोन भाग प्रत्येकी ११८ रुपयांस विकले गेले, तरी परतावा तोच राहतो. मात्र बोनस भाग विसरल्यास किंमतीत ४१ टक्के तोटा झाल्याचा भास होतो.

याचे ठळक उदाहरण खानदेशातच आढळते. भुसावळ–सुरत लोहमार्गावरील अमळनेर येथे महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तूप बनविणारी कंपनी स्थापन केली. तीच पुढे ‘विप्रो’ झाली. तिचे भाग अमळनेरमधील अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जवळ ठेवले. १९९९ मध्ये १० रुपयांच्या भागाचे २ रुपयांच्या पाच भागांत विभाजन झाले. नंतर २००४ मध्ये एकास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तिनास दोन, २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तिनास एक व २०२४ मध्ये एकास एक असे बोनस भाग देण्यात आले. त्यामुळे विभाजनापूर्वीचे ३ भाग अनुक्रमे १५, ४५, ९०, १५०, ३००, ४०० व अखेर ८०० झाले. अशा धारकाने आजची एका भागाची किंमत जुन्या खरेदी-किंमतीशी ताडून पाहिल्यास हिशेब पूर्णपणे चुकतो. २०१३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंसारखे व्यवसाय कंपनीतून वेगळे काढण्यात आले. त्यापोटी मिळालेला मोबदलाही लाभात धरावा लागतो.

मिळालेला लाभांश पुन्हा गुंतवून होणारे उत्पन्न या सूत्रात येत नाही. त्यामुळे दीर्घ धारणकालात ते खरा लाभ कमी दाखविते. याउलट महागाई व कर वजा न केल्याने तो अधिक भासतो. २०२० पासून भारतात लाभांशावरील कर भागधारकासच द्यावा लागतो. हा परतावा गतकाळाचा हिशेब असून भावी लाभाची हमी नव्हे.